तग

पॅकिंगच्या टेबलावरची एक कात्री तिने सहज उचलली, उलटी केली, आणि पुन्हा नीट निरखली. दोन पात्यांच्या मध्ये स्क्रू हवा होता. तिथे ठोकून बसवलेला रिव्हेट होता.

गेलं वर्षभर तिने कात्र्यांखेरीज दुसरं काही पाहिलंच नव्हतं म्हणा ना. बाहेरून येणारी कात्री रिव्हेटची. ती बोथट झाली की उघडता येत नाही, फेकून द्यायची. या कारखान्याची कात्री स्क्रूची. उघडा, धार लावा, पुन्हा जोडा, सासूची कात्री सुनेलाही पुरेल. परदेशी कंपन्या स्वतःच्या देशात विकतात त्याहूनही कमी भावाने इथे माल ओततात आणि आमचा धंदा बुडवतात, अशी मालकांची तक्रार होती. त्या तक्रारीच्या तपासासाठी सरकारी खात्याकडून दोघं आली होती. एक साहेब, आणि दुसरी ही, खात्यात सगळ्यांत नवी म्हणून सगळे जिला शेंडेफळ म्हणत ती.

तक्रार शंभर टक्के खरी होती. भावांचा ताळा लावून लावून शेंडेफळाने डोळे फोडून घेतले होते. आता एकदा कारखाना डोळ्यांखालून घातला की बाहेरच्या कात्र्यांवर जादा कर बसवा अशी शिफारस जायची, एवढंच उरलं होतं. आणि आता हे.

"मावशी, ह्या कात्र्या कुठल्या?" तिने हळूच विचारलं.

"बाहेरच्या," पॅकिंगवाली मावशी हातातलं काम न थांबवता म्हणाली. "खोकी येतात, आम्ही पुसून पाकिटात घालतो. चोरीछुपी नाही हं, पाकिटावर तसं छापलंय. धारेचं काम आता आठवड्यातून दोनच दिवस असतं. ह्या आल्या म्हणून चूल पेटतेय." मग तिने वर पाहिलं. "हलक्या आहेत ना? छान वाटतात हाताला."

शेंडेफळाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पलीकडे धार लावायच्या चाकांपाशी मालक साहेबांना काहीतरी समजावत होते. साहेबांची पाठ तिच्याकडे होती. कात्री गुपचूप ढिगात टाकावी आणि पुढे चालू पडावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण परदेशी कंपन्यांचे वकील काही झोपा काढत नव्हते. आणि खोटं तिला पचायचंही नाही. लहानपणी साधं दूध सांडलं तरी तिचा चेहरा आधी बोलायचा.

तिने खूण करून मालकांना बोलावलं. मालक साठीचे, बोटांच्या टोकांवर जुने वण.

"तुम्ही त्यांचाच माल आणून विकताय?"

"विकतोय की," मालक म्हणाले, जणू तिने वेळ विचारली होती. "दुकानदार म्हणाले, स्वस्तातली ठेवत असाल तर या, नाहीतर येऊ नका. मग काय, या सगळ्यांना घरी बसवू? तुम्हीच तर फोनवर म्हणालात मॅडम, निकाल लागेपर्यंत कसंही करून तग धरा. धरला."

म्हणाली होती ती. मोठ्या तोंडाने धीर द्यायला म्हणाली होती, आणि 'असा नव्हे' हे सांगायचं राहून गेलं होतं. तिला भयंकर राग आला. तो मालकांवर काढावा, कायद्यावर काढावा की स्वतःच्या जिभेवर, तेच कळेना.

तिचा चेहरा पाहून साहेब आले. काही न विचारता त्यांनी तिच्या हातातली कात्री घेतली, मधला रिव्हेट पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"कधीपासून आणताय?"

"उन्हाळ्यापासून."

"मग झालं. जो स्वतःच तो माल आणतो, त्याला आम्हाला इथला उत्पादक धरता येत नाही. बाकीचे दोन कारखाने बंद पडलेत. म्हणजे तक्रार करायला कुणी उरलंच नाही."

"पण साहेब, ते माल ओततात म्हणून तर यांना तो आणावा लागला!" तिचा आवाज चढला. पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"मला शिकवू नकोस," साहेब म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. "खरं आहे तुझं. सगळं खरं आहे. पण खऱ्यालाही कुणीतरी तक्रारदार लागतो. यांना आता धरता येत नाही. दुसरा कोण आहे, दाखव मला. आत्ता सही करतो."

तिने मनातल्या मनात कारखान्यांची यादी चाळली. दुसरा कुणी नव्हता.

मालक इतका वेळ एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "एक विचारू?" ते म्हणाले. "समजा, मी हा माल आणलाच नसता. या सगळ्यांना काढून टाकलं असतं, एक सोडून सगळी चाकं बंद केली असती. मग?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. असली उत्तरं द्यायला शेंडेफळ असतंच.

"मग तुम्ही उत्पादकच राहिला असता आणि तुमचं नुकसान सिद्ध झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही जिंकला असता."

मालकांनी टेबलाभोवतीच्या बायकांकडे पाहिलं. मावशीने मान खाली घालून पुढचं पाकीट उघडलं.

"आणि जिंकलो, हे मी कुणाला सांगितलं असतं?" मालकांनी विचारलं.