वास पुढे, माणूस मागे

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून प्लांटमध्ये त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. अशा एका प्लांटमध्ये ते काम एका ऑपरेटरकडे होतं, आणि वास अंगाला असा चिकटायचा की कितीही साबण घासा, जात नसे. बायको म्हणायची, "तुमच्याआधी तुमचा वास घरात येतो." आज शिफ्ट संपली तरी बदलीच्या माणसाचा पत्ता नव्हता. प्लांट सोडता येईना, खुर्चीत बूड टेकेना. मीटरचे सगळे काटे जागच्या जागी होते, तोच तेवढा येरझाऱ्या घालत होता. शेवटी उशीर कळवायला त्याने घरी फोन लावला. "अहो, जिन्यात उभं राहून कसले फोन करताय?" बायको हसली. "वास आलाय कधीचा, चहाच टाकतेय." तो चालता चालता थांबला. "हातात काय आहे तुझ्या?" "लायटर. का हो?" "अलगद खाली ठेव तो. मी अजून प्लांटवरच आहे."