जिवंत असल्याचे पेढे

झुंबरबाई धुळ्याहून ऊर बडवत आली, आणि रुपचंदनाना तिला ओट्यावर बसून बशीतून चहा पिताना दिसले. तिनं तिथंच पायातली चप्पल हातात घेतली.

"मुडद्या, बठ्ठा रस्ता एसटीत रडत आले मी. शेजारच्या बाईनं चोखायला लिंबू दिलं."

"चांगलं केलं," नाना म्हणाले. "जोरात रडलीस ना?"

"कंडक्टरला विचार."

ओट्यावर हशा पिकला. चुलतबहिणीला नानांनी जवळ बसवलं, आपल्या बशीत तिलाही चहा ओतला.

सकाळी परसात तोंड धुताना नानांच्या डोक्याला कावळा शिवला होता. पंजे लागले, वर चोचही लागली. दोंडाईच्यात अशा वेळी काय करायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. ज्याला कावळा शिवला तो मेला, असा निरोप नातलगांना धाडायचा. ते मनापासून रडले की खरं मरण फसतं आणि माघारी जातं. मग हसायचं, चहा प्यायचा. मंजुळाबाईनं नवऱ्याच्या डोक्यावर बादली ओतली आणि लगोलग निरोप सोडले. धुळ्याचा एसटीच्या ड्रायव्हरजवळ. पिंप्राळ्याला नानांची एकुलती बहीण वच्छला राहायची, तिच्या गल्लीत तेव्हा फोन नव्हता. तिच्याकडे पुतण्या छगन पॅसेंजरनं गेला.

सख्ख्या बहिणीचं रडणं सगळ्यांत मोलाचं. नाना दिवसभर त्याचीच वाट पाहत होते.

दिवेलागणीला छगन परतला. एकटाच.

"वच्छला कुठे?"

"अक्का नाही आली, नाना. पण रडणं म्हणाल तर गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. दारात ही माणसं जमलेली. म्हटलं, बातमी आपल्या आधीच पोचली."

"कशी?"

"कुणी धुळ्याकडून गेलं असेल. मग मी आणखी काय रडवणार? बाहेरूनच ओरडलो, माणूस जिवंत शे, रडानं काम नही. तर दारातला एक जण हात उगारून माझ्या अंगावर आला. मी तसंच स्टेशन गाठलं."

"एवढं रडल्यावर राग येणारच," मंजुळाबाई म्हणाली.

"राग येऊ दे," नाना म्हणाले. "भाऊ वाचला हे कळल्यावर त्याचं तोंड बघायला येऊ नये?"

त्यांना चहा जाईना. झुंबरबाईचे गुडघे धड नव्हते, ती आली. दूरचे आले, रडले, हसले, खिचडी खाऊन गेले. सख्खी तेवढी आली नाही. थोरल्या पोराच्या लग्नाला आली नव्हती. नातीच्या बारशाला नाही, नव्या घराच्या वास्तूला नाही. आनंदाची प्रत्येक बातमी नानांनी माणूस पाठवून कळवली होती, आणि प्रत्येक वेळी उलट एकच निरोप आला होता. 'यांना बरं नाही.' त्या शब्दांची त्यांना आता किळस आली होती. तिचा नवरा उखर्डू खोकतो म्हणे. बिड्या ओढल्यावर कोण खोकत नाही? एवढ्यासाठी कुणी भावाला टाकतं?

"तुम्ही तरी कधी त्यांना बघायला गेलात?" मंजुळाबाईनं विचारलं.

"तिनं कधी बोलावलं?"

सकाळी नानांनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली आणि बाजारातून पेढे बांधून घेतले.

"पेढे कसले?"

"मी जिवंत असल्याचे. तिच्या हातावर ठेवतो आणि सांगतो, आजपासून तुला माहेर नाही. बातमी अशी स्वतः जाऊन द्यावी."

पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावर अन्वरचं सायकलचं दुकान होतं. वच्छलाच्या घराची पत्रं त्याच्याच दुकानात यायची. नानांनी पुडा उघडून पुढे केला.

"घ्या अन्वरभाई. तोंड गोड करा."

अन्वरनं हात पुसले. आधी पेढ्यांकडे पाहिलं, मग नानांच्या तोंडाकडे.

"नाना, तुम्ही पेढे घेऊन आलात?"

"भुताचे नाहीत. घ्या."

अन्वर हसला नाही. त्यानं नानांचा हात हलकेच बाजूला केला. "आत जा, नाना."

मेलेला माणूस चालत आला की लोक बिचकणारच. नाना पुढे निघाले.

अंगणाला सकाळचा झाडू लागला नव्हता. घरात भिंतीशी बाया बसल्या होत्या. कोपऱ्यात जमिनीवर पीठ पसरून दिवा ठेवला होता. नाना उंबऱ्यातच थबकले. आपल्याच नावाचा दिवा. छगन ओरडून सांगून गेला, तरी हे ढोंग चालूच. दिवा लावायला हिला सवड आहे. दोंडाईच्याला यायला नाही.

वच्छला दिव्याजवळ बसली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हे बघ, मी मेलो नाही. तुझ्या दुर्दैवानं," ते म्हणाले. "परके रडत आले आणि तू घरात बसून रडलीस. तुझं ते रडणंही मला नको आता. लग्न नाही, बारसं नाही, मरणसुद्धा नाही. कशालाच तू नाहीस. हा घे पेढा. माझ्या घरचा शेवटचा. आजपासून तुझं माहेर संपलं."

एका बाईनं तोंडाला पदर लावला.

वच्छलानं हात पुढे केला. पेढा घेतला आणि मुठीत धरून ठेवला. हातात बांगडी नव्हती. मग तिनं दुसऱ्या हातानं पदर मागे सारला. कपाळ कोरं होतं.

"काल छगन दारातून ओरडला ना भाऊ, माणूस जिवंत शे म्हणून," ती म्हणाली. "मी यांच्या तोंडावरची चादर काढून कितीतरी वेळ बघत बसले."