दुसरा भाग

नववीतल्या दिपमालाने माइक हातात घेतला, तेव्हा व्यासपीठावर कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. शाळेतला वाचनाचा कार्यक्रम म्हणजे काय, तर चार पोरं थोरामोठ्यांची चरित्रं घोकून आणतात, धडाधडा म्हणतात, आणि मग पोहे येतात. संस्थेचे अध्यक्ष प्रेमराज नाना घड्याळ बघत होते. सोनगीरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या त्या शाळेचे ते बावीस वर्षं अध्यक्ष होते.

या पोरीने चरित्र आणलंच नव्हतं. खाकी कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक छातीशी धरून ती गोष्ट सांगायला लागली. पुढच्या काळातलं एक शहर आहे. शहराभोवती भिंत आहे. भिंतीपलीकडे काय आहे, हे विचारायची बंदी आहे. आणि एक पोरगी विचारते.

"तिथे एक प्रमुख असतात," दिपमाला म्हणाली. "ते खुर्ची सोडतच नाहीत. दर वर्षी मुलांना उन्हात बसवतात आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावतात."

मंडपाबाहेर उन्हात बसलेली आठवीची पोरं फिसकन हसली. मग नववी हसली. दिपमालाला कळेना काय झालं. तिने आपलं पुस्तकात होतं तेच सांगितलं होतं.

नानांनी घड्याळ बघणं सोडलं.

"काय गं, असली भलतीसलती पुस्तकं का आवडतात तुम्हाला?"

शहाणी असती तर गप्प बसली असती. पण तिला वाटलं, विचारलंय तर खरं सांगावं. "नाना, घरीदारी सगळे म्हणतात, तुला काय कळतं. या गोष्टीत अख्खं शहर एका पोरीच्या प्रश्नाला घाबरतं."

"अस्सं. दिलं कुणी हे?"

ते सगळ्या नववीला ठाऊक होतं. वर्गशिक्षिका सुलक्षणा मॅडमनी. जूनमध्ये वर्गातल्या एकूण एक पुस्तकावर हिरव्या शाईने लेबल त्याच लिहायच्या. यावरही त्यांनीच लिहिलं होतं : भूगोल, इयत्ता नववी. म्हणजे घरी कुणी उघडून बघायला नको. देताना म्हणाल्या होत्या, "न घाबरता वाच." दिपमालाचा अंगठा त्याच लेबलवर होता.

गोष्टीचा पहिला भाग संपतो तेव्हा त्या पोरीला भर सभेत उभं केलेलं असतं. तिला भिंतीतली फट दाखवणारे म्हातारे गुरुजी पहिल्या रांगेत बसलेले असतात. ते तिच्यासाठी उठतील का? यावर दिपमाला आणि तिची मैत्रीण रत्ना तीन आठवडे एसटीत भांडत होत्या.

"तो काय उठस? बठ्ठा सारखाच शेतस," रत्ना म्हणायची. तिच्या लेखी सगळे सारखेच.

"तो उठी. तू देखजो," ही म्हणायची.

मॅडम शाल-नारळाच्या ताटामागे बसल्या होत्या. दिपमालाने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आपलं माणूस समोर होतं.

सुलक्षणा मॅडम उठल्या.

पोरीने लेबलवरचा अंगठा काढला. आता झाकायचं काही कारण नव्हतं.

मॅडमनी तिच्या हातातला माइक घेतला. "दिपमाला, वर्गात किती वेळा सांगितलंय, अभ्यासाची पुस्तकं वाचा म्हणून. कुठून आणतेस हा कचरा?"

विचारत होत्या तिला, बघत होत्या नानांकडे.

दिपमालाला वाटलं, मॅडम नानांना शांत करताहेत, पुढचं वाक्य खरं येईल. पुढचं वाक्य आलंच नाही. तिचा अंगठा पुन्हा लेबलवर गेला.

"सापडलं, मॅडम. धुळ्याच्या स्टँडवर."

"बघा," नाना म्हणाले. "जमा करा ते. आणि उद्या वडलांना घेऊन ये. ते आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही."

वडील नरडाण्याला कंपनीत कामाला. आठवीनंतर पोरीची शाळा बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं, तेव्हा याच मॅडम घरी येऊन सांगून गेल्या होत्या की पोरगी माझी जबाबदारी. आता ते काय ठरवतील, हे दिपमालाला कुणी सांगायला नको होतं.

मॅडमनी पुस्तक घेतलं. लेबलची बाजू पदराकडे वळवून धरली.

पोरं पोह्यांच्या रांगेत लागली, तेव्हा त्यांनी तिला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. डोळे लाल झाले होते त्यांचे.

"माझी कायमच्या नोकरीची ऑर्डर नानांच्या सहीसाठी थांबलीय गं. याच आठवड्यात सही आहे. मी बोलले असते तर सगळंच गेलं असतं. तू हुशार आहेस, तुला कळतं."

तुला कळतं. हे दोन शब्द कुणीतरी म्हणावेत, म्हणून दिपमाला वर्षभर मॅडमच्या मागे मागे फिरत होती. आज ते ऐकून तिचं तोंड कडू झालं. रडू येत होतं, पण यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

मॅडमनी पर्समधून दुसरं पुस्तक काढलं. तेवढंच जाड, तसंच खाकी कव्हर. लेबल मात्र या वेळी नव्हतं.

"दुसरा भाग. कधीची मागत होतीस ना? घे, राग सोड. ते गुरुजी उठतात की नाही, ते आहे यात."

दिपमालाने हात पुढे केला नाही.

"उठतात, मॅडम," ती म्हणाली. "उठून काय बोलतात, तेही कळलं."