औषधाआधीचं प्रवचन

साळूबाईंनी औषधाची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर परत ठेवली आणि पदर सावरून भुईवर बसकण मारली. त्यांच्यामागं सून फुलाबाई बसली. तिच्यामागं आणखी सातजणी.

"आदी परवचन," साळूबाई म्हणाल्या. "मग औशीद."

डॉक्टर आनंदराव कामावर रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. हिर्डोशीच्या वाटेवरचा हा कौलारू दवाखाना पूर्वी मिशनचा. पादरीसाहेबांनी तीस वर्षं इथं हिवतापाचं औषध दिलं, पण आधी अर्धा तास प्रवचन. ते ऐकल्याशिवाय बाटली नाही, असा त्यांचा नेम. अठ्ठेचाळीस साली भोरचं संस्थान गेलं, पाठोपाठ साहेब विलायतेला गेले. दोन वर्षं कुलूप होतं. मग दवाखाना लोकल बोर्डानं चालवायला घेतला. साहेबांचा नेम तेवढा बायकांकडं राहिला.

"मावशी, आता हा सरकारी दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले. "कोयनेल पोटात गेलं की ताप जातो. कुणी काही वाचो न वाचो."

"पुण्यात जात आसंल. हितं परवचनाबिगर औशीद लागत न्हाई."

"तुमचा मुलगा सोनबा नुसतं औषध घेऊन गेला होता. बरा झाला की. आज भात कापतोय."

"बाप्यांचं येगळं," साळूबाई म्हणाल्या, आणि मागच्या सातजणींनी माना हलवल्या.

फुलाबाईला दिवसाआड थंडी वाजून ताप भरत होता. ओठ पांढरे पडले होते. तिनं बाटलीकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली. थोडा वेळ वाट बघून नऊजणी उठल्या आणि रिकाम्या हातानं गेल्या.

"या अडाणीपणाचं मूळ ती म्हातारी आहे," डॉक्टर कंपाउंडर गेनूला म्हणाले. "सुनेचा जीव जाईल, पण हट्ट सुटणार नाही."

गेनू साहेबांच्या वेळचा. तो बाटल्या पुसत होता. "साहेबांनी घसा कोरडा केला, डॉक्टर. आख्ख्या खोऱ्यात एक मानूस किरिस्ताव झाला न्हाई. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायचे. एका मेंढरापायी मेंढक्यानं बाकीची नव्व्याण्णव रानात सोडली म्हनून. तर हैबती धनगर मधीच इचारायचा, जाताना लांडग्याला काय सांगून गेला हुता? बापे आसं हसायचे. बाया मातर कवा हसल्या न्हाईत. आन कवा चुकल्या न्हाईत."

अंधश्रद्धेपुढं मान तुकवायची नाही, असा डॉक्टरांचा निश्चय होता. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या नऊजणी परत आल्या. फुलाबाईला दोघींनी धरून आणलं होतं. तिचे दात वाजत होते. साळूबाई आधी भुईवर बसल्या आणि डॉक्टरांकडं बघत राहिल्या.

डॉक्टरांनी खण उघडला. आत बोर्डाचं एक परिपत्रक होतं, डासांच्या बंदोबस्ताबाबतचं. ते घेऊन ते उभे राहिले.

"सर्व गावकामगार पाटलांस कळविण्यात येते की," त्यांनी सुरुवात केली.

दहा मिनिटांत परिपत्रक संपलं.

"फुडं," साळूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते पहिल्यापासून परत वाचलं. मग दवाखान्यातल्या सामानाची यादी वाचली. टेबल एक, खुर्च्या दोन, पैकी एक मोडकी. फुलाबाई घोंगडीत गुरफटून भिंतीला टेकली होती. मागच्या सातजणींतल्या कोंडाबाईंनी पाय लांब केले. शेजारच्या भामाबाईंनी डोळे मिटले, ते भक्तीनं, असं डॉक्टरांना वाटलं. अर्धा तास भरला तशा नऊजणी एका सुरात "आमेन" म्हणाल्या आणि रांगेत उभ्या राहून ते कडू औषध तोंड वाकडं न करता प्यायल्या.

पंधरा दिवसांत फुलाबाईचा ताप गेला. पाच वाड्यांमधल्या बाया दवाखान्यात यायला लागल्या. भोरहून शाबासकीचं पत्र आलं. औषधावर आता बायकांचा विश्वास बसला, हळूहळू प्रवचन बंद करायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. पुढच्या सोमवारी त्यांनी परिपत्रकाच्या चारच ओळी वाचल्या, औषध पाजलं आणि पाच मिनिटांत सगळ्यांना मोकळं केलं. बाया मुकाट्यानं गेल्या. आमेन कुणीच म्हटलं नाही.

संध्याकाळी साळूबाई एकट्याच आल्या. गेनू नदीवर गेल्याची खात्री करून घेतली आणि दार लोटून घेतलं.

"सून पाच मिन्टात घरी आली," त्या म्हणाल्या.

"बरं झालं की. तुमचा खोळंबा झाला नाही."

"आली तशी दळायला बसली. म्याच बसवली. घरात सासरा हुता, सोनबा हुता. त्यांच्यादेखत तिला जरा पाठ टेक म्हनू का?"

डॉक्टर गोंधळले. "पण मावशी, तुमचा तर प्रवचनावर भरवसा होता."

"त्या साहेबाचं निम्मं कळायचं न्हाई. तुमचं तर कायबी कळत न्हाई." हे त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. "पर आर्धा तास भिंतीला पाठ लागती, डॉक्टर. तेवढ्यात कुनी पानी मागत न्हाई, कुनी हाक मारत न्हाई. पेंगलं तरी देवाचं ऐकतीया म्हनत्यात."

डॉक्टरांनी टेबलावरचं परिपत्रक जवळ ओढलं.

"मग प्रवचनाशिवाय औषध लागत नाही, हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "पादरीसाहेबांनी?"

"त्यो साधा मानूस. त्याला कुठलं सुचतंय," साळूबाई उठता उठता म्हणाल्या. "ते म्या सांगितलं हुतं. माज्या सासूला."