चुकायचा विषय

फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणजे ‘जाणे’, हे सांगितलं की राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीतली मुलं हसतात आणि मग त्याची रूपं म्हणताना रडकुंडीला येतात. नववीतल्या संयोगिताचं रूप पहिल्यांदा चुकलं, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

“अगं, चुकलं तर पुन्हा म्हणायचं,” मी म्हणालो.

मग ती मनसोक्त चुकली, हसली, पुन्हा म्हणाली. महिन्याभरात सगळी रूपं न अडखळता म्हणू लागली.

“एवढी गोडी कशी लागली गं?” मी विचारलं.

“बाकीचे विषय पप्पा तपासत्यात, सर. चुकलं की कमरेचा पट्टा काढत्यात. काल गणितापायी डोकं भिंतीवर आपटलं.” तिनं केस बाजूला करून सुजलेलं कपाळ दाखवलं आणि हसली. “फ्रेंच त्यास्नी येतच न्हाय की! म्हणून तर घेतलं.”

तिच्या पप्पांना गाठायचंच, असं मी ठरवलं.



सोमवारी तेच शिकवणीत हजर झाले. पहिल्या बाकावर नवी वही उघडत म्हणाले, “मलाबी शिकवा, सर. पोरगी कुठं चुकतीया, ते बापाला कळाय नको व्हय?”