सोलांजच्या हातची चव

आजारपणानंतर सोलांजच्या जिभेची चव गेली होती, पण हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांची खाणावळ तिच्या हातच्या चवीवर चालत होती. बाजाराच्या दिवशी टेबलं भरलेली असताना गुरांचे व्यवहार करणाऱ्या मार्सोनं सशाच्या रश्शाची प्लेट पुढे ढकलली. “यात मीठ ओतलंय कोणी?” बाकीचे जेवायचे थांबले. सोलांज स्वयंपाकघराच्या दारातच थिजली. वाढणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, एतिएननं, पावाचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला आणि तिच्याकडे पाहिलं. “चूक माझी. तिनं टाकलेलं असताना मी परत टाकलं. दुसरी आणतो.” “बायकोच्या पातेल्यात कशाला हात घालतोस बाबा?” मार्सो म्हणाला तसे लोक हसले. आत येऊन एतिएननं दार लोटलं. “कधीपासून?” “फेब्रुवारीपासून,” ती पुटपुटली. त्यानं चमचा उचलून पातेल्यातलं चाखलं. “खारटपणा मोडायला आणखी साय घाल. यापुढे चाखायला मला हाक मारत जा.”