कुणाची

आईला सिंगापूरला येऊन आठवडा झाला होता आणि प्रणिताचं डोकं उठलं होतं. लिफ्टमध्ये कुणी मराठी बोलताना सापडलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही कुठले, कुणाचे?" आज प्रणिता बुओना व्हिस्टा भागातल्या आपल्या फ्लॅटवर घरूनच काम करत होती, तर आई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

"काय गं हे?"

"अमेरिकेतलं एक जुनं कॉलेज आहे. त्यांच्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या वह्यांतली नावं कॉम्प्युटरवर चढवायची आहेत." आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की सिस्टिम पुढे सरकत नव्हती. सकाळपासून चाळीस वेळा तेच.

आईने चष्मा सारखा केला. "डायना. कॅटो. टॉम. आणखी एक टॉम. अगं, एवढ्या मोठ्या कॉलेजातली मुलं, आणि एकालाही आडनाव नाही?"

"नाही."

"बापाचं नाव?"

"नाही, आई."

"हजेरी घेणारा मास्तरच बेशिस्त दिसतोय. निदान कुणाची ते तरी लिहायचं ना."

प्रणिताने कीबोर्डवरून हात उचलले. "ते लिहिलंय. प्रत्येकापुढे लिहिलंय."

"मग सांग की. कुणाची?"

"कॉलेजची."

"अगं, ते कळलं मला, कॉलेजची मुलं. पण..."

"कॉलेजातली नाहीत, आई. कॉलेजची. विकत घेतलेली."